शब्दविचार : अक्षरे चार, उच्चार सहा

वर्गात उभे राहून इंग्रजीचा पाठ मोठ्याने वाचण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर आलेला असेल. माझ्यावर तो आला, तेव्हा धड्यात मळलेल्या कणकेसाठी एक शब्द होता. डी-ओ-यू-जी-एच अशी त्याची अक्षरे. आदल्याच आठवड्यात आम्ही 'रफ' आणि 'टफ' हे शब्द शिकलो होतो, आणि त्यांचाही शेवट ह्याच चार अक्षरांनी होत होता. तेव्हा मी निःशंकपणे 'डफ' असे वाचले. वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि मागच्या कोणी तरी बाकावर डफ वाजवून दाखविला. बरोबर उच्चार 'डो' असा आहे हे मला समजले खरे; पण त्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मी पुन्हा आपण होऊन तोंड उघडले नाही.

आज विचार करता वाटते की, चूक माझ्या तर्काची नव्हती. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे शेवटी असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधू लागल्यास माझ्या हाती आठ लागतात. आरंभीचे अक्षर तेवढे बदलते : बी, सी, डी, एच, एल, आर, एस, टी. बी लावल्यास झाडाची फांदी होते, तिचा उच्चार 'बाउ'. सी लावल्यास खोकला, म्हणजे 'कॉफ'. डी लावल्यास आमची कणीक, 'डो'. एच लावल्यास जनावराच्या मागील पायाचा सांधा, 'हॉक'. एल लावल्यास आयर्लंडातील सरोवर किंवा खाडी, 'लॉख'. तेथील लॉख नेय हे मोठे सरोवर प्रसिद्धच आहे. आर आणि टी ह्यांचे 'रफ' व 'टफ' आपल्या परिचयाचे आहेत. राहिला एस : झाडांतून वाऱ्याचा जो सुस्कारा ऐकू येतो, त्यासाठी हा शब्द आहे आणि त्याला इंग्रज लोक स्वतःच कोणी 'साउ' म्हणतात, कोणी 'सफ'. आठ शब्द आणि शेवटाचे उच्चार सहा!

ह्याहून गंमत पाहावयाची असेल, तर 'टफ'मध्ये टीच्या पुढे एक एच घालावा. उच्चार 'दो' होतो. त्यात एक आर घातला की 'थ्रू'. त्यात आणखी एक ओ घातला की 'थरा', आणि अमेरिकेत 'थरो'. प्रत्येक पायरीवर एकच अक्षर वाढते आणि स्वर मात्र दर वेळी निराळा निघतो.

हे असे का झाले? पुष्कळांचा समज असा की, इंग्रजांनी एकाच लेखनाचे मनास येतील तसे उच्चार केले. इतिहास नेमका उलट आहे. जुन्या इंग्रजीत हे शब्द मुळातच वेगळे होते. 'रफ'चे रूप 'रूह', 'टफ'चे 'टोह', 'डो'चे 'डाह', 'बाउ'चे 'बोह'. स्वर भिन्न, आणि अखेरीस कंठातून घासत निघणारा एक ध्वनी. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत लेखनिक हा कंठ्य ध्वनी जी-एच ह्या जोडीने लिहू लागले. पुढे तो ध्वनीच लोकांच्या तोंडून जाऊ लागला. कोठे तो पार लोपला, कोठे ओठांवर येऊन 'फ' झाला. आयरिश भाषेतून आलेल्या 'लॉख'मध्ये मात्र अजून ऐकू येतो. सुमारे पंधराव्या शतकापासून दीर्घ स्वरही बदलत चालले. आणि ह्याच सुमारास, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टन ह्याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. छापलेल्या अक्षरांबरोबर लेखन हळूहळू गोठत गेले. जिभा मात्र चालत राहिल्या.

परंतु हे मुके जी-एच आपणां भारतीयांना अगदीच परके मानण्याचे कारण नाही. फांदी ह्या अर्थाचा 'बाउ' आणि आपला 'बाहु' हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. जुन्या इंग्रजीत तर त्या शब्दाचा अर्थ खांदा व भुजा असाही होता. 'बाहु'तील 'ह' आणि तिकडचे मुके जी-एच, दोन्ही एकाच मूळ ध्वनीपासून आलेली. कणकेच्या 'डो'चे नाते संस्कृत 'दिह्' म्हणजे लिंपणे ह्या धातूशी, आणि म्हणून आपल्या 'देह' शब्दाशी आहे. त्याच कुळातील 'लेडी' म्हणजे मूळची पाव मळणारी गृहिणी! माझ्या गुरुजींनी त्या दिवशी हसण्याऐवजी एवढे सांगितले असते, तर तो शब्द मी आनंदाने पाठ केला असता.

अमेरिकनांनी नांगराच्या शब्दातून जी-एच काढून पी-एल-ओ-डब्ल्यू असे सुटसुटीत लेखन केले, हे ठीकच झाले. उचकीच्या शब्दावर मात्र निष्कारण जुलूम झाला. 'हिकप' हा सरळ शब्द. त्यात खोकला असावा अशा समजुतीने त्याला 'कॉफ'ची अक्षरे चिकटविली. उच्चार 'हिकप'च राहिला.

आणि आपण तरी कोठे निर्दोष आहोत? 'चार चाके' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण पहिला 'च' तालव्य आणि दुसरा दन्त्य. इंदूर, हैदराबाद, बडोदे येथील मराठी घरांत मुले शाळेत दुसरी भाषा शिकतात आणि घरी मराठी पुस्तक वाचताना 'चाक' हिंदीच्या वळणाने उच्चारतात. तेव्हा आजीआजोबा हसतात. हसण्यापूर्वी माझा 'डफ' आठवावा, एवढी विनंती.

आता मुलांना घेऊन एक शोध करून पाहा. आय-जी-एच-टी हा शेवट ठेवून पुढे ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी ही अक्षरे क्रमाने लावा. आठ पाच अक्षरी शब्द मिळतील. त्यांपैकी सात 'आइट' असा एकच शेवट इमानाने पाळतात. ई लावलेला आठवा मात्र 'एट' होतो, आणि त्याचा अर्थही आठच. त्याच्या जी-एचचा मागोवा घेताना शेजारी संस्कृत 'अष्ट' लिहावा, आणि एन लावलेल्या रात्रीच्या 'नाइट'शेजारी 'नक्त'.