दर्याचा अभिमान आणि दर्याचें ज्ञान

मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला कीं आमच्या सभांतून टाळ्यांचा कडकडाट होतो. स्पेनच्या गॅलियन जहाजांनीं महासागर ओलांडले, याचें कारण मात्र आमचे वक्ते तोफा आणि धनलोभ एवढेंच सांगून मोकळे होतात. हें निदान चुकीचें आहे. सोयीचें असल्यामुळें तर अधिकच घातक आहे.

तोफा कान्होजी आंग्र्यांपाशींही होत्या, आणि शौर्याची तर वाणच नव्हती. मग उणें कशाचें होतें? स्पेनच्या राजसत्तेनें १५०३ सालीं सेव्हिल येथें सागरी व्यापाराची कचेरी स्थापिली व १५०८ सालीं तेथें मुख्य नाविक नेमिला. सुकाणूवाल्यांची परीक्षा घेणें आणि परतलेल्या जहाजांच्या माहितीवरून सरकारी नकाशा दुरुस्त करविणें, हें त्याचें काम. पुढें १५६५ सालीं उर्दानेता या संन्यासी नाविकानें फिलिपाइन्सहून उत्तरेस चढून पश्चिमेचे वारे गाठले आणि मेक्सिकोस परतण्याचा मार्ग शोधिला. त्या वाटेनें मनिला व आकापुल्को यांमधील व्यापार १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशें वर्षें, चालला. एकाचें ज्ञान राष्ट्राचें झालें!

आमचें आरमार मात्र घराण्यांच्या भाऊबंदकींत आणि दरबारच्या हेव्यादाव्यांत सांपडलें. १७५६ सालीं पेशव्यांनीं इंग्रजांस हाताशीं धरलें आणि विजयदुर्गापाशीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें.

कोणी म्हणतील, समुद्रगमन निषिद्ध होतें. पण त्या निषेधानें कोळी-भंडाऱ्यांस कधीं अडविलें? आमच्या तांडेलास वारे ठाऊक होते, ज्योतिष्यास तारे. त्या दोघांस एकत्र बसविणारी पाठशाळा आम्हीं काढली नाहीं, हें खरें दुखणें.

आज नवी मुंबईंत बेलापूरचा पडका किल्ला पनवेलच्या खाडीवर उभा आहे. जवळच करावे येथें 'चाणक्य' ही नाविक प्रशिक्षणसंस्था आहे. तिची परंपरा मुंबईच्या 'डफरिन' या १९२७ सालच्या शिक्षण-जहाजापर्यंत पोंचते. म्हणजे सेव्हिलनंतर चारशें वर्षांनीं, आणि तेंही परक्यांच्या राजवटींत!

सुशिक्षित आईबाप मुलांस किल्ला दाखवितात, तें योग्यच. परंतु त्या संस्थेचें दार किती जण दाखवितात? दोष इतरांनाच कशाला? माझ्या एका विद्यार्थ्यानें दर्यावर जाण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हां "आधीं पदवी घे, मग पाहूं" असें मींच त्याला सांगितलें. तो आज एका कचेरींत खर्डेघाशी करीत आहे. पूर्वजांच्या आरमारावर मीं दिलेलीं व्याख्यानें त्याच्या काय उपयोगाचीं?