पाठचिकित्सा आणि एक जुने विमान

साहित्याच्या अध्यापकांनी संगणकावरील खेळांविषयी लिहावे काय, असा प्रश्न हा मथळा पाहून काहींच्या मनात येईल. आमच्याही आला होता. परंतु दिवाळीच्या सुट्टीत मंगळवेढ्यात बसून आम्ही जो खटाटोप केला, त्यातून हाती आलेला विचार पाठचिकित्सेच्या तासाला सांगण्याजोगा वाटला. म्हणून हे टिपण.

आमच्यापैकी एकाच्या कपाटात ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २००४’ या खेळाच्या तबकड्या पडून होत्या. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणाची शताब्दी साजरी करण्यासाठी तो २००३ साली निघाला. राइट बंधूंचे विमान, लिंडबर्गचे अटलांटिक ओलांडणारे विमान, डीसी-३ अशी ऐतिहासिक विमाने त्यात चालवता येतात. विमानविद्येचा तो एक चालताबोलता इतिहासग्रंथच म्हणावा.

आमच्या संगणकावर आता लिनक्स आहे. विंडोजचा खेळ विंडोजवरच का चालवू नये, असे कोणी विचारील. पण मौज अशी, की त्या काळच्या अनेक खेळांच्या तबकड्यांवर नक्कल रोखण्यासाठी ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे आणि ते उघडणारा भाग २०१५ च्या विंडोज १० मध्ये ठेवलेलाच नाही. ज्या घरात जन्म झाला, त्याच घराला हे खेळ परके झाले.

लिनक्सवर विंडोजचे कार्यक्रम चालवणाऱ्या साधनाचे नाव ‘वाईन’. (विद्यार्थ्यांनी गैरसमज करून घेऊ नये!) १९९३ मध्ये हे काम सुरू झाले आणि त्याची १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. म्हणजे पंधरा वर्षे! खेळ विंडोजला उद्देशून काही मागत असतो: फाइल उघड, खिडकी काढ, ढग रंगव. वाईन ती मागणी लिनक्सला समजेल अशा मागणीत वळवते. जुन्या कुलपांपैकी काहींनाही तिने वाट करून दिली आहे. महत्त्वाचे हे, की यात खेळाच्या संहितेचे एक अक्षरही बदलत नाही. बदलते ते तिच्याभोवतीचे जग.

पहिल्या प्रयत्नात मेनूमध्ये अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले. जुने फाँट आणून ठेवल्यावर शब्द उमटले. डायरेक्ट-एक्सच्या हरवलेल्या फाइली पुरवल्यावर आकाश उगवले. मग लोहगावच्या धावपट्टीवरून सेस्ना घेऊन आम्ही आग्नेयेला निघालो. मंगळवेढ्यापर्यंत सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे तासाभराचे उड्डाण. तास संपला, पण गाव काही आले नाही. दामाजीपंतांचे, कान्होपात्रेचे, आणि जिथे गावकुसाची भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला ते हे गाव त्या नकाशात नव्हतेच. ज्वारीच्या काळ्या रानाचीही ओळख पटू नये, अशी एकसुरी तपकिरी जमीन खाली सरकत होती.

उलट, शिकागोच्या सरोवरकाठी मेग्ज फील्ड नावाचा लहानसा विमानतळ होता. या खेळाच्या आधीच्या अनेक आवृत्त्यांत पहिले उड्डाण तिथूनच होत असे. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने बुलडोझरांनी त्याची धावपट्टी उखडली. त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात आलेल्या आमच्या या खेळात मात्र मेग्ज फील्ड शाबूत आहे. २००६ च्या पुढील आवृत्तीतून ते वगळले गेले. जे गाव सातशे वर्षे नांदते आहे ते या खेळात नाही, आणि जी धावपट्टी जगात नाही ती आहे. कोणत्याही जुन्या ग्रंथाप्रमाणे हा खेळही आपल्या काळाची साक्ष देतो. काय सांगितले यातून, तशीच काय गाळले यातूनही.

म्हणूनच ‘नवी आवृत्ती कितीतरी सुंदर आहे, जुनी कशाला?’ हा आक्षेप आम्हांला मान्य होत नाही. नवी आवृत्ती हे नवे आख्यान आहे. ते जुन्याची जागा घेत नाही. शिवाय २०२० नंतरच्या आवृत्त्या भूप्रदेशाचे बरेचसे तपशील इंटरनेटवरून घेतात. तो पुरवठा उद्या थांबला, तर कपाटातून काढावी अशी पूर्ण प्रत कोणाकडेही नसेल.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण दरवर्षी शिकवतो. शिरलेले अपपाठ काढायचे, पण स्वतःची भर घालायची नाही, हे त्या कामाचे पथ्य होते. तुलना थोरवीची नव्हे, पथ्याची आहे. मूळ कृतीला हात न लावता ती पुन्हा वाचती करणे, हेच वाईन घडवणाऱ्यांनीही केले. याला निव्वळ तांत्रिक करामत म्हणून बाजूला सारणे आम्हांला अन्यायाचे वाटते. तेही एक भाष्यकर्मच आहे.

आणि हा प्रश्न केवळ खेळांचा नाही. ते रिकामे चौकोन पाहून आम्ही दचकलो, याचे कारण निराळे होते. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले मराठी आठवून पाहा. प्रबंध, स्मरणिका, लहान नियतकालिकांचे अंक, कवींनी स्वतः दिलेल्या फाइली! मूळ फाँट नसेल, तर त्यांतून आज रोमन चिन्हांची निरर्थक रांगोळी निघते. आमच्याकडील अशा काही फाइली आम्ही ‘जुन्या’ म्हणून स्वतःच्या हाताने पुसल्या आहेत. मोडीचे रुमाल वाळवीने खाल्ले म्हणून हळहळणारे आम्ही!

मराठी विभागांनी निदान एवढे करावे: जुनी फाइल पुसू नये. तिच्यासोबत तिचा फाँट आणि ती ज्या कार्यक्रमात घडली त्याची तबकडीही सांभाळावी. युनिकोडमध्ये रूपांतर अवश्य करावे, पण मूळ प्रत टाकू नये. कारण रूपांतरातही जोडाक्षरे सांडतात आणि पाठभेद शिरतात. विभागातल्या एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स व वाईन बसवून त्या फाइली उघडून पाहाव्यात. त्यासाठी परवान्याचा खर्च नाही. लागते ती चिकाटी, आणि पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला ती असायलाच हवी.

आमचे विमान त्या दिवशी मंगळवेढ्याला उतरू शकले नाही. पण एका विद्यार्थिनीने परवा १९९९ च्या स्मरणिकेची फाइल आणून दिली आहे. ती उघडायची आहे.