दाराशी शोभेचे झाड हवे? कोकमाचे कलम लावा



पेणला रामवाडीच्या बाजूने महामार्गाला लागले की दोन्ही अंगांना नवी घरे दिसतात. कुंपण झाले, फाटक बसले की घरधनी विचारतो, "साहेब, दारात एखादे शोभेचे झाड सांगा. बारमाही हिरवे असावे, फार उंच जाऊ नये आणि पाचोळ्याचा त्रास नसावा." मागणी रास्त आहे. दिवसभर चिखलात राबणाऱ्याच्या दारालाही शोभा हवीच. फक्त पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या.

अशी मागणी केली की काही रोपवाल्यांकडून कोनोकार्पसची रोपे पुढे केली जातात. हे परदेशातून आलेले झाड. भराभर वाढते, कातरावे तसा आकार घेते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून शहरांतून ते ओळीने लावले गेले. पण त्याची मुळे पाण्याच्या शोधात नळ आणि गटारांत शिरतात आणि फुलोऱ्याच्या दिवसांत उडणाऱ्या परागाने सर्दी-खोकला, दम्याचा त्रास वाढतो अशा तक्रारी आल्या. याच कारणांनी गुजरातच्या वन खात्याने २०२३ साली त्याची रोपे करण्यास आणि लावण्यास मनाई केली. ज्याच्या अंगणात विहीर आहे, घरात म्हातारे माणूस आणि तान्हे मूल आहे, त्याने हे झाड विकत का आणावे?

आता आपल्याच मातीतले झाड पाहा. कोकम बारा महिने हिरवे असते. पाने गर्द, चकचकीत. नवी पालवी तांबूस. फांद्या खाली झुकलेल्या, झाडाचा घाट देवळाच्या शिखरासारखा. विकतच्या शोभेच्या झाडात याहून अधिक काय असते? शिवाय ते उन्हाळ्यात फळ देते. बिनफळाच्या झाडाइतकीच जागा घेऊन घरचे आमसूल देणारे झाड सोडून दुसरीकडे कशाला जायचे?

"पण आमच्या परड्यात कोकम आहे, त्याला फळच धरत नाही," असे पुष्कळ घरांतून ऐकू येते. कारण साधे आहे. कोकमात नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत कळत नाही. तोवर सात-आठ वर्षे गेलेली असतात. कलम मात्र पारखलेल्या मादी झाडाच्या काडीपासून बांधलेले असते. त्याला फळ ठरलेले आणि तेही लवकर, साधारण पाचव्या वर्षापासून.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या दोन जाती निवडीने दिल्या आहेत. 'कोकण अमृता' १९९७ साली आली. तिचे फळ मध्यम, साधारण ३५ ग्रॅमचे. 'कोकण हातिस' नंतरची. तिचे फळ मोठे, ९० ग्रॅमच्या आसपास आणि साल जाड, म्हणजे आमसुलाला उतारा चांगला.

आता अंगणवाल्यांसाठी खास गोष्ट. कलमाची काडी झाडाच्या कोणत्या फांदीची होती, यावर कलमाची ठेवण ठरते. उभ्या शेंड्याची काडी असेल तर कलम सरळ वर जाते आणि शिखरासारखे होते. आडव्या फांदीची काडी असेल तर ते बुटके राहून बाजूला पसरते. मोठ्या बागेत उभे कलम बरे. घरापुढे मात्र पसरणारे कलम सोयीचे, कारण फळे जमिनीवर उभे राहून हाताने काढता येतात. घेताना रोपवाटिकेत स्पष्ट विचारा, "काडी उभ्या शेंड्याची की आडव्या फांदीची?" ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून कलम घेऊ नका. विद्यापीठाची किंवा शासनमान्य रोपवाटिका गाठा.

लागवड अशी करा. भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. चांगली माती आणि कुजलेले शेणखत यांनी तो भरा. पहिले दोन पाऊस झाले की कलम लावा. आपल्याकडे पाऊस दांडगा, म्हणून बुंध्याशी मातीचा उंचवटा करा. पाणी साचले तर कलम गेलेच समजा. खाडीकडच्या खारट जमिनीत आणि भाताच्या खाचरात ते लावू नये. घराच्या भरावाची किंवा वरकस जमीन उत्तम. जोडाच्या खालून येणारे फुटवे दिसतील तसे खुडून टाका, नाहीतर कलम मरून खालचे रानटी रोपच वाढते. पसरणाऱ्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षे काठीचा आधार द्या आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटा. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून झापांची सावली आणि आठवड्यातून दोनदा पाणी हवे. शेणखत पहिल्या वर्षी दोन किलो, मग दरवर्षी दोन-दोन किलो वाढवत दहाव्या वर्षी वीस किलोवर न्या.

एक अडचण राहते. मादी कलमाला पराग लागतो. आसपास कोकमाची जुनी झाडे असतील तर चिंता नको. नसतील तर कुंपणाच्या कडेला एक नर झाड ठेवा. म्हणजे परड्यातले ते "वांझ" कोकमही तोडू नका. फळाचे निम्मे श्रेय त्याचे आहे.

भगिनींना वेगळे सांगायला नको. पेणचे पोहे-पापड ज्या उन्हात वाळतात, त्याच उन्हात आमसूलही वाळते. एप्रिल-मेमध्ये पिकलेली फळे पावसाआधी उतरवा. साल रसात बुडवून वाळवण्याची पाळी पाच-सहा वेळा केली की रंग धरतो. साखरेत अमृत कोकम, मिठात आगळ आणि बियांच्या तेलाचा गोळा टाचेच्या भेगांना. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो शिक्का त्यांच्या मालाचा, आपल्याला लावता येणार नाही; पण हवामान आणि कसब आपल्याकडेही आहे.

जागा विकून बंगले उठत आहेत, ते आपण थांबवू शकत नाही. उरलेल्या दोन गुंठ्यांत काय लावायचे, ते मात्र आपल्या हातात आहे. यंदाच्या मृगाला दाराशी एक कलम लावा. शोभा पहिल्या वर्षापासून दिसेल, फळ सूनबाई काढतील.