पहिलं द्विशतक कुणाचं?

लष्करात कुणालाही विचारा, वनडेतलं पहिलं द्विशतक कुठे झालं? छाती फुगवून उत्तर येतं: आपल्या रूपसिंग स्टेडियमवर, २४ फेब्रुवारी २०१०, सचिन! पण ते पुरुषांमधलं पहिलं. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ रोजी डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या होत्या, आणि त्याही मुंबईत. बारा वर्षं आधी. बाईचा विक्रम मोजायचाच नाही, ही सवय इतकी मुरलीय की तो भेदभाव वाटतसुद्धा नाही.

खेळातून समता म्हटलं की आपल्याकडे भाषणं होतात, फार तर एखादी मॅरेथॉन. बाहेर काहींनी थेट हिशेबाला हात घातला. बिली जीन किंगने आवाज उठवला आणि १९७३ मध्ये यूएस ओपनने बक्षिसं सारखी केली. (विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडावं लागलं.) २०१७ मध्ये नॉर्वेच्या पुरुष फुटबॉलपटूंनी तर जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशातला वाटा महिला संघासाठी सोडला. मला हेच सगळ्यात पटतं, कारण इथे कुणाच्या तरी खिशातून काहीतरी गेलं. बीसीसीआयनेही २०२२ मध्ये सामन्याचं मानधन समान केलं, ते चांगलंच झालं.

आपल्या क्विझमध्ये हा प्रश्न पुन्हा आलाच, तर 'पुरुषांच्या' हा शब्द घालून विचारा.