स्टेअरिंगमधला पिवळा प्लग

रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात माझा भाचा धामणगाव बढ्याहून गाडी घेऊन मोताळ्याला माझ्या दुकानावर आला. तक्रार साधी होती. "मामू, हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. काल राजूर घाटात वळणावर दाबला तर एकदम गप्प. समोरून एसटी येत होती."

हॉर्न म्हणजे दहा मिनिटांचं काम. बहुतेक वेळा फ्यूज, रिले नाहीतर अर्थिंग, या तिघांपैकी कुणीतरी चोर निघतो. मी हॉर्नला डायरेक्ट वायर लावली, खणखणीत वाजला. रिले बदलून पाहिला, तोही चांगला. मग चाकं सरळ ठेवून हॉर्न दाबला तर वाजला आणि स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून दाबला तर बंद. परत सरळ केलं की चालू. तेव्हा माझ्या डोक्यात वेगळीच शंका आली.

"एअरबॅगचा दिवा लागतो का रे?"

"नाही मामू. कधीच नाही."

मी चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. मीटरमध्ये लाल माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असा तो दिवा लागला. चांगल्या गाडीत हा दिवा काही सेकंदांनी आपोआप विझतो, इंजिन चालू असो वा नसो. इथे मी मनात वीसपर्यंत मोजलं, दिवा लागलेलाच. इंजिन स्टार्ट केलं आणि बॅटरीचा दिवा ज्या क्षणी विझला, त्याच क्षणी हाही विझला. दोघे जुळे भाऊ असल्यासारखे.

म्हणजे कुणीतरी एअरबॅगच्या दिव्याची वायर कापून ती बॅटरीच्या दिव्याला जोडून दिली होती. स्टार्ट केल्यावर दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश. मागे एअरबॅग चालते की नाही, हे सांगणारी जीभच कापलेली. भाच्याने ही गाडी दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. ऐब लपवून माल विकणं आपल्याकडे काय समजलं जातं, ते या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण त्या व्यापाऱ्यालाच ते माहीत होतं, असंही मी छातीठोक म्हणणार नाही. त्याच्याही आधीच्या मालकाने केलेलं असू शकतं.

मला राग आला त्याचं कारण निराळं. ही गाडी भाच्यापेक्षा त्याची बायको जास्त चालवते. ती शिक्षिका आहे, रोज शाळेला याच गाडीने जाते, उंचीने लहान म्हणून सीट पुढे ओढून बसते. दोन वर्षं ती पोरगी ज्या स्टेअरिंगसमोर बसत होती, त्यातली बॅग वेळ आली असती तर बहुधा उघडलीच नसती.

आता हॉर्नचा आणि एअरबॅगचा संबंध काय, तो सांगतो. स्टेअरिंग फिरतं, त्याखालचा दांड्याचा भाग स्थिर असतो. फिरणाऱ्या वस्तूला साध्या वायरने वीज दिली तर वायर पिळून तुटेल. म्हणून मध्ये प्लास्टिकची एक चपटी डबी असते. तिच्यात रिबिनीसारखी पातळ पट्टी गुंडाळलेली असते, जुन्या घड्याळातल्या स्प्रिंगसारखी. नावही तेच, क्लॉक स्प्रिंग. स्टेअरिंग एकीकडे फिरवलं की पट्टी आवळते, दुसरीकडे फिरवलं की सैल होते. याच पट्टीतून हॉर्नची वायर जाते, स्टेअरिंगवर बटणं असतील तर त्यांच्या जातात आणि चालकाच्या एअरबॅगच्याही जातात. म्हणून हॉर्न वळणावर मरतो आणि एअरबॅगचा दिवाही लागतो, असं दिसलं की पहिला संशय या डबीवर घ्यायचा. आमच्या भागात घाट आहे. स्टेअरिंग पूर्ण फिरतं, तुटकी पट्टी तिथेच उघडी पडते.

एअरबॅग म्हणजे हवेचा पंप नाही. आत स्फोटक रसायनाची डबी असते आणि ती पेटवणारी एक बारीक तार. धडक बसली की कंट्रोल युनिट त्या तारेत वीज सोडतं, रसायन पेटून वायू होतो आणि ३०-४० मिलिसेकंदांत बॅग फुगते. डोळ्याची पापणी लवायला याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. पेटवायला साधारण सव्वा अँपिअर प्रवाह पुरतो, तोही दोन मिलिसेकंद. आणि आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या खिशात असतो तो टेस्ट लॅम्प, त्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावलेला असेल तर बारा व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो. हिशेब तुम्हीच करा. मीही उमेदवारीच्या काळात पिवळ्या वायरीत टेस्ट लॅम्प टोचला आहे, तोंड स्टेअरिंगपासून वीतभर अंतरावर ठेवून. अल्लाहचं शुक्र, ती वायर दुसऱ्याच कामाची निघाली.

म्हणून नियम असा की बॅगेवर मीटर लावायचा नाही, कोणताही नाही. काही पोरं म्हणतात, डिजिटल मीटर तर मिलिअँपिअरच सोडतो. खरं आहे, पण जुने काट्याचे मीटर ओहमच्या लहान रेंजवर बराच जास्त प्रवाह सोडतात. दुकानातला कोणता मीटर कुणाच्या हाती येईल, याचा भरवसा नाही. बॅगेची जागा दाखवणारी खूण म्हणजे पिवळा प्लग. कंपन्या एअरबॅगचे प्लग मुद्दाम पिवळे ठेवतात. तो दिसला की आधी हात मागे घ्यायचा.

मग बिघाड शोधायचा कसा? स्कॅनरने. माझ्याकडे एअरबॅग वाचणारा स्कॅनर नव्हता, म्हणून बुलढाण्यातल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. कोड आला, चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त. चांगल्या सर्किटचा रेझिस्टन्स दोन-तीन ओहमच्या आसपास असतो, आणि युनिट तो सतत तपासत राहतं. जास्त म्हणजे कुठेतरी तार तुटली आहे किंवा प्लग ढिला आहे. पण कोड फक्त गल्ली सांगतो, घर सांगत नाही. बॅग खराब, डबी खराब की खालची वायर, ते आपल्यालाच शोधायचं असतं. इथेच बरेच जण घाईने नवी बॅग विकत घेतात आणि पैसे पाण्यात घालतात.

आम्ही चाकं सरळ केली, चावी काढून खिशात ठेवली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून तिला फडकं गुंडाळलं. मग थांबलो. बॅटरी सुटली तरी युनिटमध्ये कपॅसिटर असतो. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी, म्हणून कंपनीने तो ठेवलेला असतो. तो रिकामा व्हायला वेळ द्यावा लागतो. गाडीच्या पुस्तकात तो लिहिलेला असतो, कुठे एक मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त. आम्ही चहा मागवला आणि तो सावकाश प्यायलो.

मग बॅग काढली. काढलेली बॅग छातीशी धरायची नाही. गुळगुळीत बाजू अंगापासून दूर ठेवून न्यायची आणि ठेवताना तीच बाजू वर ठेवायची. पालथी ठेवली आणि चुकून उघडली तर ती पूर्ण डबीच हवेत उडेल. आम्ही ती मागच्या खोलीत नेऊन ठेवली, वर काही न ठेवता, आणि पोरांना तिकडे जायला मनाई केली.

बॅगेच्या जागी तिच्याच रेझिस्टन्सची नकली बॅग, म्हणजे दोन ओहमचा ठरावीक रेझिस्टर, प्लगमध्ये बसवला. बॅटरी जोडली, चावी फिरवली, स्कॅनर लावला. कोड तोच. म्हणजे बॅग निर्दोष, दोष खाली आहे. पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा थांबलो, आणि तोच रेझिस्टर आता क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या प्लगला लावला. या वेळी कोड जुना म्हणून नोंदलेला दिसला, चालू दोष दिसेना. खालची वायर ठीक, वरची बॅग ठीक, मधली डबी गेलेली. दोन पायऱ्यांत उत्तर मिळालं आणि पेटणाऱ्या वस्तूला एकदाही हात लावून तपासावं लागलं नाही.

भाच्याला विचारलं, "स्टेअरिंगचं काही काम केलं होतं?" तो म्हणाला, गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने स्टेअरिंग रॅक बदललाय, असं सांगितलं होतं. मग कोडं सुटल्यासारखं झालं. रॅक काढताना स्टेअरिंग बांधून ठेवलं नाही की ते मोकळं गरगर फिरतं, डबीतली पट्टी मधोमध राहत नाही, आणि पुढे कधीतरी पूर्ण वळण घेताना ताणून तुटते. नवी डबी बसवताना ती मधोमध आणणं, हेच खरं काम आहे. नव्या डबीवर त्यासाठी खूण असते, ती पाहिल्याशिवाय स्टेअरिंग चढवू नये.

दिव्याची कापलेली वायर मी स्वतः मूळ जागी जोडली. बॅग बसवून शेवटची बॅटरी जोडताना गाडीत कुणी नव्हतं, आणि चावी मी दाराबाहेर उभं राहून, स्टेअरिंगसमोरून बाजूला होऊन फिरवली. दिवा लागला. काही सेकंदांनी, इंजिन बंद असताना, आपोआप विझला.

आता घरातल्या माणसांसाठी दोन-चार गोष्टी, कारण हे सगळं काम तुम्ही करायचं नाही, पण पाहायचं मात्र तुम्हीच आहे. स्टेअरिंगच्या मधल्या पॅडवर काही चिकटवू नका. "माशाअल्लाह" लिहिलेली धातूची पट्टी किंवा खड्यांचं डिझाइन आवडीने लावलेलं मी बऱ्याच गाड्यांत पाहतो. बॅग उघडली की ती पट्टी थेट तोंडावर येते. त्यासाठी मागची काच आहे. छातीपासून स्टेअरिंगपर्यंत निदान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. भाचेसुनेला मी सीट मागे घ्यायला आणि खाली उशी घ्यायला सांगितलं. बेल्ट लावलाच पाहिजे, कारण एअरबॅग ही बेल्टची मदतनीस आहे, बदली नाही. आणि मुलं मागे बसवा. पुढे मांडीवर तर मुळीच नको. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यावर जीव गेला. आपल्याकडे लग्नाला जाताना पुढच्या सीटवर एक आई आणि दोन लेकरं, हे चित्र रोजचं आहे.

जुनी गाडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी चावी फिरवून थांबा, इंजिन चालू करू नका. दिवा लागलाच नाही तर बल्ब काढलेला आहे. विझलाच नाही तर बिघाड आहे. स्टार्ट केल्यावरच विझला तर माझ्या भाच्यासारखी गत आहे. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ती नसूही शकते, तेव्हा स्टेअरिंगवर एअरबॅग किंवा एसआरएस अशी अक्षरं आहेत का ते पाहा. आणि एक दोष असा आहे की तो दिवाही दाखवत नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या बॅगांमधलं रसायन उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं, आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. त्यापायी जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, भारतातही. कंपनीच्या शोरूमला चॅसिस नंबर सांगितला की तुमची गाडी त्यात आहे का, ते कळतं आणि बदल फुकट होतो.

ती तुटकी डबी मी दुकानात खिळ्याला अडकवून ठेवली आहे. दुकानात नवा पोरगा कामाला आला की आधी तिचं झाकण उघडून त्याला पट्टी दाखवतो. जिथे तुटली, तिथे ती केसाएवढी बारीक झालेली दिसते.