नराचाही रिपोर्ट मागा

डुकरीण दोनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की तिचा सौदा ठरलेलाच. सिन्नर-निफाड भागात पशुवैद्यक म्हणून फिरताना हे मी नेहमी बघते. 'मादीतच दम नाही, मॅडम,' म्हणत मालक खाटकाला फोन लावतो. नराकडे कुणी बघत नाही. तो धडधाकट दिसतो, माद्यांवर चढतो, मग त्याच्यात कसली खोट? चढणं वेगळं आणि गाभण करणं वेगळं, हे सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं.

वृषणात शुक्राणू घडताना गोल पेशी आपलं बहुतेक पेशीद्रव टाकून देते. मानेजवळ एक थेंब तेवढा उरतो. अधिवृषणाच्या लांबलचक नळीतून जाताना तो शेपटीवर खाली सरकतो आणि वीर्य बाहेर पडेपर्यंत बहुधा गळून जातो. मानेशीच थेंब चिकटलेले शुक्राणू पुष्कळ दिसले, तर ते कच्चेच बाहेर पडताहेत असं समजायचं. नर कोवळा असेल, त्याला फार वापरलं असेल किंवा तो उन्हाने पोळला असेल.

शरीराला या खराबीचा पत्ता असतो. पेशी आपल्या टाकाऊ प्रथिनांना युबिक्विटिन नावाचं 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन जोडते आणि त्या खुणेवरून त्यांचे तुकडे पाडते. हे शोधणाऱ्या सिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात पीटर सुटोव्स्की यांनी वळू आणि डुकरांच्या वीर्यावर काम करून दाखवलं की, सदोष शुक्राणूंवर हीच खूण जास्त सापडते. पण खूण पडली म्हणून सगळे आतच जिरत नाहीत. बरेच बाहेर येतात आणि मादी रिकामी राहते.

नाशिकचा मे महिना पत्र्याच्या शेडमध्ये कसा जातो, ते सांगायला नको. डुकराला अंगभर घाम येत नाही, त्यामुळे ताप आतच राहतो. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणून मेमधल्या उन्हाचा फटका जून-जुलैत, हवा गार झाल्यावर दिसतो. तोवर ऊन कुणाच्या लक्षात नसतं. दोष ओल्या खाद्याला, नाहीतर मादीला.

गाईच्या बाबतीत आपण बरेच पुढे आहोत. गाईंच्या कृत्रिम रेतनाचं काम करणाऱ्या 'बाएफ' संस्थेची मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला स्थापना केली 1967 साली. आज गोठ्यात येणाऱ्या वीर्याच्या कांडीवर वळूचा नंबर असतो आणि वीर्य केंद्रांची सरकारी प्रतवारी होते. डुकराचा नर मात्र माझ्या भागात वजन आणि चाल बघून विकला जातो. 2021 पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 10 नरांच्या युनिटला 50 टक्के, कमाल 30 लाख रुपये अनुदान आहे. एवढा सार्वजनिक पैसा लागत असेल, तर प्रत्येक नराचा वीर्य तपासणीचा कागद फाइलला जोडणं सक्तीचं करा.

यासाठी युबिक्विटिनची महागडी चाचणी नको. साधा सूक्ष्मदर्शक आणि फॉर्मॅलिन घातलेलं मिठाचं पाणी पुरे. त्यात थेंब शाबूत राहतात. किती वळवळतात ते आधी ताज्या वीर्यात बघायचं, मग या पाण्यात 200 शुक्राणू मोजून किती थेंबवाले आहेत तेही लिहायचं. थेंबवाले 15-20 टक्क्यांच्या वर गेले की नराला विश्रांती द्यायची, सावली आणि पाण्याचा फवारा द्यायचा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं. तरी सुधारला नाही तर विकायचा तो.

अडचण आहे ती नमुना घेण्याची. न शिकवलेला नर लाकडी घोडीवर चढत नाही आणि दीडशे किलोच्या जनावराशी झटापट करायला कुणी तयार नसतं. म्हणून ही सवय नर सात-आठ महिन्यांचा असताना, विकणाऱ्याच्याच फार्मवर लावावी लागेल. त्याचे हजार-दोन हजार जास्त मागितले तर द्यावेत. एक मादी रिकामी राहिली तर 21 दिवसांचं खाद्य जातं, आणि एक नर दहा माद्यांना लागतो.