१.२० म्हणजे नेमके किती?

बारामती-इंदापूर पट्ट्यात शेताची माहिती आता वहीत थांबत नाही. कारखान्याचा चिटबॉय ऊसनोंद मोबाइलवर घेतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या फोनवरून ई-पीक पाहणी करतो. युरोपला द्राक्षे पाठवायची तर बागेची नोंद अपेडाच्या ग्रेपनेटवर लागते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उभा केला, त्यात उपग्रह, हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर एकाच शेताबद्दल बोलतात. सगळीकडे एका टोकाला ॲप आणि दुसऱ्या टोकाला सर्व्हर असतो. मधून प्रवास करते ते शेताचे वर्णन.

हे वर्णन कोणत्या रूपात पाठवावे? ॲप बनवणाऱ्यांच्या तोंडी एक उत्तर ठरलेले असते: सोपे ठेवा, एक शेतकरी, एक ओळ. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, तारीख. एक्सेलच्या तक्त्यासारखे सपाट पाठवले की साधा फोनही चालतो आणि कुठलीही यंत्रणा ते वाचते. या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच मान्य करतो. वजनकाट्याच्या पावतीला एक ओळ पुरते. एक गाडी, भरलेले वजन, रिकामे वजन, वेळ. तिथे याहून काही लागत नाही.

पण शेत म्हणजे काट्याची पावती नव्हे. इंदापूर तालुक्यातला एखादा गट डोळ्यांसमोर आणा. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे, वाटप झालेले नाही. एका तुकड्यात को ८६०३२ ची आडसाली लागण, शेजारी खोडवा, वरच्या मुरमाड अंगाला डाळिंब आणि विहीर तिघांत सामाईक. याची एक ओळ करायची तर नाव कोणाचे लिहिणार? थोरल्याचे लिहिले की धाकटे दोघे ‘शेरा’ नावाच्या रकान्यात जाऊन पडतात. संगणक बेरीज करताना शेरा वाचत नाही. तिघांच्या तीन ओळी केल्या तर एकच जमीन तीनदा मोजली जाते. पीक १, पीक २ असे रकाने आखले तर रकाने संपल्यावर येणाऱ्या पिकाने कुठे जावे?

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की आपल्या महसूल खात्याच्या कागदाला हे केव्हाच कळले होते. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरचे हक्क, १२ मध्ये पिके, आणि एका खातेदाराची सगळी जमीन ८अ मध्ये. एका गटाला अनेक धारक, अनेक पिके आणि एका धारकाला अनेक गट, हे नाते त्या नमुन्यांच्या रचनेतच आहे. तलाठ्याच्या दप्तराने जपलेला आकार आपण सर्व्हरकडे पाठवताना मोडून टाकतो आणि त्याला सुलभीकरण म्हणतो.

दुसरा पक्ष म्हणतो, आम्ही सपाट पाठवतच नाही, जेसन (JSON) ही मांडणी वापरतो. त्यात यादीच्या पोटात यादी जाते, प्रश्न मिटला. आकार टिकतो, हे खरे. अर्थ टिकतो का? शेतकरी बांधावर सांगतो, ‘एक वीस’. त्याच्या लेखी ते १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, सुमारे ६०.७ आर. दशांश म्हणून वाचले तर १.२ एकर, म्हणजे ४८ गुंठे. सातबाऱ्याच्या रीतीने वाचले तर १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास दुप्पट जमीन. वर जेसनच्या दृष्टीने १.२० आणि १.२ या संख्या एकच. वाटेत शेवटचे शून्य गळले आणि पुढच्याने एकर-गुंठे धरले की १ एकर २ गुंठे उरतात. कोणीही खोटे बोललेले नसते. तरीही खताचा हिशेब, उसाचा अंदाज आणि तोडणीचा कार्यक्रम चुकतो.

जागेचेही तसेच. आपण अक्षांश आधी बोलतो. नकाशांसाठीचा जिओजेसन हा २०१६ चा प्रमाण संकेत रेखांश आधी मागतो. अदलाबदल झाली की १८.१५ उत्तर, ७४.५८ पूर्व इथले बारामतीचे शेत नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमधल्या बेअर बेटाजवळ समुद्रात जाते. ही चूक निदान नकाशावर दिसते. बारामतीतून वाहणाऱ्या कऱ्हा नदीच्या नावातली चूक दिसतही नाही. ‘कऱ्हा’ हा शब्द युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, ‘र’ला नुक्ता देऊन लिहिता येतो, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर शब्द एकच, संगणकाला वेगवेगळे. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिले दोन एक करते, तिसरे वेगळेच राहते. मग ‘कऱ्हाडे’ आडनावाचा सभासद यादीत असूनही सापडत नाही.

तिसरा युक्तिवाद मोठ्या नावाचा आहे. इंटरनेटच्या पायाभरणीतले जॉन पोस्टेल यांचा १९८० पासूनचा दंडक: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. जाळे वाढायला तो उपयोगी पडला. पण घेणाऱ्याने एकक नसलेले १.२० मुकाट्याने स्वीकारायचे ठरवले, तर त्याला अंदाजच बांधावा लागतो आणि दुसऱ्या यंत्रणेचा अंदाज वेगळा निघतो. शेतकऱ्याच्या बिलाशी निगडित गोष्टीत असे औदार्य मला मान्य नाही.

मग हवे काय? आधी करार. ॲप आणि सर्व्हर यांच्यातल्या वर्णनाचा लिखित, उघडा, मराठीतही वाचता येणारा आराखडा. गट ही एक वस्तू. तिच्या पोटात धारकांची यादी, प्रत्येकाचा हिस्सा. पिकांची यादी, प्रत्येकाचे स्वतःचे क्षेत्र, लागणीची तारीख आणि प्रकार. क्षेत्र पूर्णांकात, चौरस मीटरमध्ये. शिवाय शेतकऱ्याने सांगितले तसे, त्याच्या एककासह. पिकांच्या क्षेत्रांची बेरीज गटापेक्षा जास्त भरली तर नोंद परत. आराखडा बदलला तर त्याची आवृत्ती बदलावी, जुने फोन अचानक मुके होऊ नयेत. एवढे सगळे जड होईल, ही भीती पोकळ आहे. ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो जातोच. अशा गटाचे सगळे अक्षरी वर्णन त्या एका फोटोपेक्षा कितीतरी हलके असते.

आणि नोंद परत यायची तर ती तिथल्या तिथे, कळेल अशा मराठीत यावी: ‘क्षेत्र एकर-गुंठ्यांत की हेक्टर-आरमध्ये?’ त्या क्षणी चिटबॉय बांधावर उभा असतो, शेतकरी शेजारी असतो आणि उत्तर एका शब्दात मिळते. हाच प्रश्न आडसालीच्या तोडणीला, दीड वर्षाने, टोळी फडात उतरल्यावर विचारला, तर उत्तर द्यायला बांधावर कोणी नसते.